मापांची यादी

गप्प राहिली तर तिला मिळणार होते दोन लाख चाळीस हजार. शिवाय रोज सकाळी पावणेदहाला येणारा तो फोन बंद होणार होता, ही वरकड कमाई. बोलली तर मिळणार होतं एक स्वच्छ मन, आणि स्वच्छ मन तारण म्हणून कुणी ठेवून घेत नाही हे तिला चार ठिकाणी विचारून कळलेलं होतं. हिशोब असा सरळ होता, तिसरीतल्या पोराने पाटीवर मांडावा इतका. मग सोमवारी सकाळी सव्वाअकराला, शिवणकामाच्या दुकानात, पंखा डोक्यावर फिरत असताना आपल्या मानेवरून घाम का उतरतो आहे, ते तिला कळेना. डाव्या हाताची तर्जनी यादीवर होती. तर्जनीच्या वर तीनशे अकरा होता आणि खाली तीनशे तेरा.

"काय गं, कापड संपलं की आवाज?" मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक आणि कटर, दोन्ही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून या वर्षी यादी वाचायचं काम तिच्याकडे आलं होतं. ती मापं वाचायची, ते खडूने कापडावर रेघा मारायचे. दरवर्षी ती फक्त कॉलर आणि काजं करी. कोणतं माप कोणाचं याच्याशी तिचा संबंध नसे. यादी होती झाकणांच्या कंपनीची. बाटल्यांची झाकणं, पाण्याच्या, औषधाच्या, तेलाच्या, दिवसाला काही लाख. त्या कंपनीतल्या प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन शर्ट आणि दोन पँटी मिळत, आणि त्या इथे शिवल्या जात. यादीवर नावं नसत, फक्त टोकन नंबर आणि पुढे कॉलर, छाती, बाही, कंबर, उंची. तीनशे बारा म्हणजे तिचा नवरा. कॉलर साडेपंधरा, छाती अडतीस, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. ते शेवटचं यादीत कधीच नसायचं, ते तिच्या हाताला माहीत होतं. आज यादीत बाकीचंही नव्हतं, तीनशे बाराची ओळच नव्हती. "तीनशे तेरा," ती म्हणाली, "कॉलर सतरा, छाती अठ्ठेचाळीस," आणि मास्तर हसले, "हा तो ढोल्या! याच्या एका शर्टात दोन माणसं बसतील," आणि त्यांनी खडू फिरवला.

तीनशे तेरा म्हणजे ढब्बू. सगळी कंपनी त्याला ढब्बू म्हणे, त्याची बायकोसुद्धा रागावली की म्हणे, आणि तोही त्या नावाला ओ देई. तिच्या नवऱ्याचा तो सतरा वर्षांचा दोस्त. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एकाच रांगेत उभे होते. त्याची गोष्ट ढब्बू प्रत्येक जेवणावळीत सांगे, "खरं तर तीनशे बारा मी. ऐन वेळी मला लघवीला लागली, आणि हा पठ्ठ्या पुढे सरकला. त्या एका लघवीपायी मी जन्मभर याच्या मागे." लोक दरवेळी हसत. तीही हसे. आता तिला ती रांग दिसू लागली, सतरा वर्षांपूर्वीची, तिच्या लग्नाच्याही आठ वर्षं आधीची, आणि त्या रांगेतून एक माणूस कुणीतरी बोटाने अलगद उचलून घ्यावा तसा उचललेला दिसू लागला, मागची माणसं पुढे सरकलेलीही नाहीत, नुसती फट. यादी संपली तेव्हा मास्तरांनी बेरीज करायला सांगितली. गेल्या वर्षी चारशे दहा होते. या वर्षी तीनशे बहात्तर. "अडतीस कमी," मास्तर म्हणाले आणि कात्री टेबलावर आपटली. "अडतीस माणसांची शिलाई म्हणजे माझं महिन्याचं भाडं. कुठे गेली म्हणे ही अडतीस डोकी?" त्यांनी तो प्रश्न कापडाला विचारला होता. ती उत्तर द्यायला बांधील नव्हती. पण उत्तर तिच्याकडे होतं. गेले दोन महिने नवरा सांगत होता, नवं मशीन आलंय, झाकणं स्वतःच तपासतं, फोटो काढून. आमच्या तपासणी खात्यात माणसं कशाला, असं वरचे म्हणतात. तीसचाळीस माणसं जातील असं बोलतात. कोण, ते कुणाला माहीत नाही. आता एका माणसाला माहीत झालं होतं, आणि ती कॉलरवर टीप मारत होती.

फोन पावणेदहाला येई तो एका बाईचा. आवाज इतका गोड की पहिल्यांदा तिला वाटलं, शाळेतली कुणी मैत्रीण. "मॅडम, जेवण झालं का?" पावणेदहाला कोण जेवतं? पण ती बाई तसंच विचारी, मग हप्त्याची तारीख सांगे, मग म्हणे, "मॅडम, तुमच्या शेजारच्यांचा नंबर आहे आमच्याकडे, उगाच त्यांना कशाला त्रास द्यायचा, नाही का?" ते कर्ज घेतलं होतं सासूच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी, मोबाइलवर चार बटणं दाबून. सासू वर्षभरात गेली. खुबा तिच्याबरोबर गेला, हप्ते राहिले. त्याच्याखाली घराचं कर्ज होतंच, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं, ज्यातली एक खोली सहा वर्षं मुलासाठी म्हणून रिकामी ठेवून आता तिथे कपडे वाळत घालत. पुढच्या वर्षी बघू, असं दोघं म्हणत आले होते, हा हप्ता संपला की. तिला कधी वाटे की आपल्या घरात खरं तर तीन माणसं राहतात, आणि तिसरं सगळ्यात जास्त खातं. मागच्या महिन्यात मात्र आठ दिवस फोन आला नव्हता. पावणेदहा वाजले की ती फ्रिजवर ठेवलेल्या मोबाइलकडे बघे; तो तसाच पडून राही, पाठ वर करून. नशीब, ती स्वतःशी म्हणाली होती. नशिबाच्या खात्यावर माणूस किती सहज जमा मांडतो, पावतीसुद्धा मागत नाही.

यातून सुटायची वाट एकच होती, कंपनीतल्या कामगारांची पतपेढी. व्याज कमी, हप्ता पगारातून. अट एवढीच की कंपनीतलेच दोन कायम कामगार जामीन हवेत. एक तपासणी खात्यातला म्हातारा तयार झाला होता. दुसरा अर्थात ढब्बू. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता, सही गुरुवारी संध्याकाळी घरी व्हायची होती, आणि सोमवारपासून गुरुवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवस ही काही थोडीथोडकी मुदत नव्हे. एवढ्या वेळात माणूस एक वाक्य सहज बोलू शकतो. "अरे, तुझा नंबर यादीत नाही." पाच शब्द. पण नवऱ्याला ती चांगली ओळखून होती. हे वाक्य ऐकलं की तो तडक ढब्बूकडे जाईल आणि म्हणेल, बाबा रे, सही करू नकोस, माझं काही खरं नाही. तो तसा होता, उंटावरून शेळ्या न हाकणारा, पायी चालणारा माणूस. हजार झाकणांत एक चिरलेलं निघालं तर तो पूर्ण खोकं परत पाठवी, आणि त्याबद्दल बोलणी खाऊन घरी आला की हात धुताना शीळ घाली. अशा माणसाला खरं सांगणं म्हणजे दोन लाख चाळीस हजार गटारात ओतणं. म्हणून ती त्याच्या वाटचं खरं स्वतःजवळ ठेवून घेत होती. त्याच्या भल्यासाठी. तिने ते वाक्य मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं अधिक गुळगुळीत झालं.

मंगळवारी संध्याकाळी नवऱ्याने कपाटातून दोन जुने शर्ट काढून तिच्या पुढ्यात ठेवले. "यांच्या कॉलरी उलटून दे जरा." घामाने आणि मानेच्या घासण्याने कॉलर विरते, तेव्हा ती उसवून उलटी करून परत बसवायची, की आतली कोरी बाजू बाहेर येते. शर्टाचं आयुष्य वर्षाने वाढतं. तिने विचारलं, "नवे येतीलच की पुढच्या महिन्यात?" तो खिडकीशी गेला, खाली कुणीतरी गाडी लावत होतं ते बघत राहिला. "असू देत. हेही चालतात." त्याच्या मानेवर केस कापल्याची पांढरी रेघ होती. याला कुणकुण लागलीय, तिला वाटलं. याला माहीत आहे, किंवा शंका आहे, आणि हा मला सांगत नाही, आणि मी याला सांगत नाही, आणि आम्ही दोघं एकाच कपाटात एकच कागद दोन टोकांनी लपवून ठेवतो आहोत. ती कॉलर उसवायला बसली. लहानपणी वडिलांच्या कॉलरी आई अशाच उलटायची. अकरा वर्षं उलटल्या तिने.

अकरा वर्षं हा आकडा तिच्या अंगात होता, जसा काही घरांत उंचीचा असतो, दाराच्या चौकटीवर खुणा करून. ती सात वर्षांची होती तेव्हा वडिलांनी चुलतभावासाठी जामीन म्हणून सही केली. चुलतभाऊ चार महिन्यांत गाव सोडून गेला. मग अकरा वर्षं. पहिल्या वर्षी तिची चित्रकलेची शिकवणी बंद झाली. दुसऱ्या वर्षी रस्त्याकडची खोली भाड्याने दिली आणि एक अनोळखी माणूस रोज सकाळी त्यांच्या मोरीत खाकरू लागला. वडील कधी आरडाओरडा करत नसत. ते फक्त जेवताना ताटातलं थोडं ठेवून उठत, आणि आई ते झाकून संध्याकाळी पुन्हा वाढे, आणि दोघंही ते पहिल्यांदाच वाढल्यासारखं दाखवत. त्यांची सही आधी मोठी होती, खाली झोकदार रेघ ओढलेली. नंतर ती लहान होत गेली. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर त्यांनी जी सही केली ती मुंगीएवढी होती, कोपऱ्यात, जणू कुणी वाचू नये म्हणून केलेली. तेव्हा, सही म्हणजे काय, जामीन म्हणजे काय, त्याने घराच्या भिंती कशा आत सरकतात, हे या शहरात जर कुणाला पक्कं माहीत असेल तर ते तिला. बाकी कुणी अजाणतेपणी केलं असतं. तिच्याकडे ती सवलत नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ढब्बू आला, बायकोसकट. त्याची बायको घरी मुलांच्या शिकवण्या घेई. बारीक, शांत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची सवय असलेली. ढब्बू खुर्चीत बसला तेव्हा खुर्चीने नेहमीसारखी तक्रार केली. "वहिनी, खुर्चीला सांगून ठेवा, आज मोठं काम आहे, दम धर म्हणावं." चहा झाला. कागद टेबलावर पसरले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात फडकं, पुसायला काही नव्हतं. नवऱ्याने जामीनदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. ढब्बूने पेन टेकवलं, ओढलं, शाई उतरेना. त्याने पेन झटकलं. पुन्हा नाही. "बघा," तो म्हणाला, "पेनालासुद्धा कळलं, माणूस बुडव्या आहे." नवरा हसला. ढब्बूची बायको म्हणाली, "काहीही बोलता हं तुम्ही." दारात उभ्या तिला वाटलं, आपण हसलो नाही, पण काचेच्या कपाटात तिचं प्रतिबिंब होतं आणि ते हसत होतं. हीच वेळ होती. एक घर होतं जिथे दोन पोरी होत्या, त्यातली धाकटी सात वर्षांची होती, आणि त्या घरातला बाप आत्ता नवं पेन मागत होता. टेबलापासून दारापर्यंत चार पावलं. तिने ओट्यावरच्या डब्यातून पेन काढलं. आधी एका रद्दी कागदावर एक रेघ ओढून पाहिली, चालतंय ना ते. चालत होतं. ते तिने नेऊन ढब्बूच्या हातात दिलं.

त्याने सही केली, मोठी, खाली झोकदार रेघ.

"आता माझं," ढब्बू म्हणाला आणि पिशवीतून दुसरा अर्ज काढला. "थोरलीच्या कॉलेजची फी. तीन लाख. एक जामीन आमच्या पॅकिंगमधला आहे, दुसरा हा हक्काचा. म्हटलं एकाच चहात दोन्ही कामं." तिच्या नवऱ्याने कागद पुढे ओढला. ती दारात परत गेली होती. आणि इथे, नंतर कितीतरी वेळा आठवून पाहताना, तिला स्वतःची जी लाज वाटे ती पेन दिल्याची नसे. त्या क्षणी तिने मनात पटकन हिशोब केला होता की आपल्या नवऱ्याची सही आता कवडीमोलाची आहे, महिन्याभरात ज्याला पगारच नसेल त्याच्या पगारातून कोण काय कापणार. तेव्हा ढब्बू आपल्याला देतोय ते खणखणीत नाणं आणि आपण त्याला देतोय ते खोटं. आणि या विचाराने तिला क्षणभर, अगदी क्षणभर, बाजारात घासाघीस जिंकल्यावर वाटतं तसं वाटलं होतं. नवऱ्याने त्याच पेनाने सही केली. जाताना ढब्बूची बायको चपला घालता घालता म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे आधार वाटतो बघा." जिन्यावरून ढब्बूची पावलं उतरत गेली, मग त्याचं हसणं, मग खालच्या दाराचा आवाज. घर एकदम मोठं वाटू लागलं.

पुढच्या आठवड्यात पैसे आले आणि गोड आवाजाच्या बाईचं खातं मिटलं. शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "मॅडम, पुन्हा कधीही लागले तर सांगा हं." त्यानंतर पावणेदहाला घर गप्प राहू लागलं, आणि ती शांतता तिला सोसेना. कान पावणेदहाला उभे राहत. दुकानात तीनशे बहात्तर माणसांचे कपडे शिवले जात होते, निळा शर्ट, राखाडी पँट, एकावर एक थप्प्या, जणू माणसं घडी घालून ठेवली आहेत. तीनशे तेरा आला तेव्हा तिने मास्तरांना म्हटलं, "हा मी पूर्ण शिवते." मास्तरांनी एक डोळा बारीक केला. "का गं? नातेवाईक आहे?" "मोठं माप आहे, सवय होईल." इंचाला नऊ टाके हा दुकानाचा दर होता. तिने मशीनची चकती फिरवून बारा घेतले. बगलेत दुहेरी टीप, खिशांच्या कोपऱ्यांना आडवे टाके, शिवणीच्या आत भरपूर माया सोडली, तो अजून जाड झाला तरी शर्ट उसवून वाढवता यावा इतकी. असा शर्ट दहा वर्षं फाटणार नाही. आपण काय करतो आहोत ते तिला समजत होतं. खिशातून पाकीट मारून त्याच माणसाच्या कोटाला बटण लावून द्यावं, तसलं हे काम. पण सुई खाली-वर होत राहिली, आणि टाके इतके बारीक पडत होते की दुरून ती रेघच वाटे. घरी नवरा उलटलेल्या कॉलरीचा शर्ट घालून कामावर जाई आणि परत येई. रोज तो परत आला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघे, आणि रोज काही नसे. तो जेवे. हात धुई. शीळ घालेनासा झाला होता. तिने विचारलं नाही. विचारणारा माणूस सांगायलाही तयार असावा लागतो.

कपडे एक तारखेला वाटले गेले. चार तारखेला, दुपारी, पाळी संपायच्या आधी, नवरा घरी आला. ती त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून लवकर परतली होती. किल्लीचा आवाज आला तेव्हा ती मुलाच्या खोलीत वाळलेले कपडे काढत होती. तिने कपडे छातीशी धरले. आलं, ती मनात म्हणाली, आणि कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, कारण पाठमोरं उभं राहून वाट बघण्यापेक्षा समोरून आलेलं बरं. तो खुर्चीत बसला, त्याच खुर्चीत, आणि खुर्चीने काही तक्रार केली नाही. बुटाची नाडी सोडायला वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"लागली यादी," तो म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली. तिने हे वाक्य तीन आठवडे तयार ठेवलं होतं. "जाऊ दे. करू आपण काहीतरी. मी जादा काम घेते मास्तरांकडून."

त्याने वर बघितलं. "पॅकिंग बंद केलं. पूर्ण खातं. बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं. ढब्बू गेला."

कपड्यांच्या गठ्ठ्यातून एक मोजा खाली पडला. "आणि तू?"

"मी काय? मी आहे. तपासणीतला एकसुद्धा नाही गेला. ते मशीन ओलं झाकण बघितलं की गोंधळतं, शंभरात दहा चुकतं. म्हणाले, माणसं राहू द्या."

"पण तुझा नंबर नव्हता," ती म्हणाली. तोंडातून निसटलंच ते. "यादीत. तीनशे अकरानंतर तीनशे तेरा होता. मी स्वतः वाचली."

"कुठल्या यादीत?"

"मापांच्या."

तो गोंधळला, मग चेहरा थोडा लाल झाला, चोरी पकडली गेल्यासारखा. "ते होय. मी कपडे नाही घेतले या वर्षी. रोख घेतली. यंदापासून तशी सोय केली त्यांनी, ज्याला कपडे नकोत त्याला पैसे. ज्यांच्या गळ्याशी आलं होतं अशा तीसचाळीस जणांनी घेतले. तुला नाही सांगितलं, लाज वाटली. ती बाई तुला रोज फोन करायची ना, तिला तेवढे दिले आणि म्हटलं, आठ दिवस माझ्या बायकोला फोन करू नका." तो ओशाळं हसला. "आठ दिवसच मिळाले तेवढ्यात."

बाहेर कुणीतरी गाडीचं दार लावलं. मग त्याचं हसू हळूहळू उतरू लागलं. ती ते उतरताना बघत होती, भिंतीवरून ऊन उतरावं तसं, आधी डोळ्यांतून, मग गालांवरून, मग ओठांवरून. हजारांत एक चिरलेलं झाकण शोधणारा माणूस तो. त्याला वेळ लागतो, पण सापडतंच.

"यादी तू कधी वाचलीस?" त्याने विचारलं.

"सोमवारी."

"सहीच्या आधीच्या?"

तिने वाकून मोजा उचलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त बुटाची नाडी, जी अर्धी सोडली होती, ती परत बांधली. "म्हणजे माझी नोकरी जाणार हे धरून तू त्याला पेन दिलंस," तो म्हणाला, आणि हे विचारल्यासारखं नव्हतं. मग तो उठून ढब्बूच्या घरी गेला. परतायला उशीर झाला. जेवला, पण ताटात थोडं ठेवून उठला. ती ते ताट हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिली, आणि ताट झाकावं की काय करावं हे तिला सुचेना.

पुढचं सगळं कागदावर आलं. ढब्बूचा कंपनीकडचा हिशोब मिटायला वर्ष तरी लागणार होतं, आणि पतपेढी वर्षभर थांबणारी नव्हती. त्याचा दुसरा जामीन पॅकिंगमधलाच, तोही गेला. उरला तीनशे बारा. पहिल्या महिन्यात नवऱ्याच्या पगारातून दोन हप्ते कापले गेले, त्यांचा सहा हजार आठशेचा आणि ढब्बूचा साडेआठ हजारांचा. पगाराची चिठ्ठी त्याने टेबलावर ठेवली. तो आता फारसं काही बोलतच नसे. वाईट वागत नसे, ताट पुढे करी, दार उघडून धरी, जसं आपण परक्या बाईसाठी धरतो. खोटं नाणं म्हणून जे तिने हसत दिलं होतं ते बाजारात खणखणीत वाजलं होतं. करायला गेले एक. ती रोज दुकानात जाई, मान खाली घालून टीप मारी, आणि पावणेदहा वाजले की अजूनही दचके.

महिन्याच्या शेवटी ढब्बूची बायको दुकानात आली. ऊन बाहेर इतकं होतं की ती आत आल्यावर क्षणभर काळी आकृतीच दिसली. तिने पिशवी काउंटरवर ठेवली आणि कपडे काढले, दोन निळे शर्ट, दोन राखाडी पँटी. एका शर्टाच्या टाचण्यासुद्धा अजून निघाल्या नव्हत्या. "एकच घातला ह्यांनी, तीन दिवस," ती म्हणाली. "घरात डोळ्यांसमोर नको वाटतात. भाऊजींकडे या वर्षी नवे नाहीत ना, त्यांना बसते करून द्या. ह्यांनीच सांगितलंय. मोठ्याचं लहान होतं, लहानाचं मोठं होत नाही."

"ढब्बूभाऊजी कसे आहेत?" तिने विचारलं.

"बारीक होतायत." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता ढब्बू म्हणून चालायचं नाही. जातायत रोज कुठे कुठे. मिळेल."

मास्तर मागून म्हणाले, "अठ्ठेचाळीसचा अडतीस? पूर्ण उसवून नव्याने कापावा लागेल. वेळ लागेल." त्यांनी शर्ट उलटा केला, चांगला डोळा शिवणीजवळ नेला. "आणि हे कुणी शिवलंय? इंचाला बारा टाके! हे उसवता उसवता बोटं जातील."

ढब्बूच्या बायकोने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. काही शोधण्याची घाई नव्हती. "यादी तुम्हीच वाचता ना आता, ताई? भाऊजी म्हणाले ह्यांना." एवढंच. मग तिने छोटं पाकीट उघडलं. "किती होतील?"

"तुम्ही काय हे," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला त्या फोनवरच्या बाईसारखा गोड ऐकू आला. "आपल्यात कसले पैसे. राहू द्या."

"नको. उधारी नको. आमच्या घरात सध्या तो शब्दसुद्धा बोलत नाही आम्ही." तिने मास्तरांना विचारून आकडा घेतला, नोटा मोजून ठेवल्या, वर सुट्टी नाणी, एकेक सरळ करून. "पावती द्या तेवढी."

ती पावतीपुस्तक पुढे ओढून बसली. कार्बन सरळ केला. शर्ट दोन. पँटी दोन. काम: उसवणे, कापणे, पुन्हा शिवणे. एकूण. त्याखाली 'कपडे कोणासाठी' आणि 'रक्कम कोणाकडून' अशा दोन ओळी छापलेल्या असतात; इतक्या वर्षांत दुसरी ओळ कुणी भरली नव्हती, कपडे ज्याचे पैसे त्याचे, त्यात लिहायचं काय. तिने पेन टेकवलं. शाई उतरली. पलीकडे ढब्बूची बायको पिशवीची घडी घालत उभी होती, मास्तर चष्मा पुसत होते, आणि शर्ट काउंटरवर हात पसरून पालथा पडला होता. तिने कपडे कोणासाठी तिथे लिहिलं तीनशे बारा, आणि पैसे कोणाकडून तिथे लिहिलं तीनशे तेरा.